रोमच्या बागा आणि फिरण्याचा हक्क

रोमच्या व्हिला बोर्गेसे या बागेत सतराव्या शतकात एक लॅटिन शिलालेख लावलेला होता. बागेचा रखवालदारच येणाऱ्याशी बोलतो आहे, अशा थाटात तो लिहिलेला आहे. तू कोणीही अस, स्वतंत्र माणूस असशील तर इथे कायद्याच्या बेड्यांची भीती बाळगू नकोस. हवं तिकडे जा, हवं ते माग, वाटेल तेव्हा निघून जा. हे सगळं मालकापेक्षा परक्यांसाठीच केलेलं आहे. पुढे एक ताकीदही आहे: जो मुद्दाम सभ्यतेचा नियम मोडेल त्याच्याशी रखवालदाराची मैत्री संपली.

बाग उभारली कार्डिनल शिपिओने बोर्गेसे यांनी. ते पोप पाचवे पॉल यांचे भाचे. मामा पोप असल्यामुळे पैसा आणि जमीन दोन्ही त्यांच्याकडे चालून आलं, आणि त्या पैशावर त्यांनी चित्रं, शिल्पं, झाडं, हरणं असं सगळं गोळा केलं. तेव्हाच्या रोममध्ये श्रीमंत घराण्यांनी आपल्या बागा लोकांना खुल्या ठेवण्याची रीत होती. त्यात मोठेपणाची हौस होती हे उघड आहे. पण लोक येत राहिले. पिढ्यानपिढ्या रोमकर तिथे फिरले, बसले, प्रेमात पडले, भांडले, लेकरांना घेऊन आले. मालकाला वाटत राहिलं की हे आपलं औदार्य. लोकांना मात्र ती आपलीच जागा वाटू लागली.

यातलं बरोबर कोण, हा प्रश्न १८८० च्या दशकात कोर्टात गेला. बोर्गेसे घराण्याने बागेचे दरवाजे बंद केले आणि रोम महापालिकेने दावा लावला. लोकांच्या बाजूने उभे राहिले पास्क्वाले स्तानिस्लाओ मांचिनी. ते इटलीचे परराष्ट्रमंत्री राहिलेले आणि त्या काळातले मोठे कायदेपंडित होते. त्यांचा मुद्दा साधा होता: जमीन बोर्गेसेंचीच आहे, पण अनादी काळापासून शहराचे लोक तिथे फिरत आले आहेत, आणि या वहिवाटीतून शहराला एक हक्क मिळाला आहे. ९ मार्च १८८७ रोजी रोमच्या कॅसेशन न्यायालयाने, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, शहराच्या बाजूने निकाल दिला. मालकी बोर्गेसे राजपुत्राची, पण फिरण्याचा हक्क जनतेचा.

शहरातल्या मोकळ्या जागांबद्दल आज जे वाद होतात त्यांचं मूळ या निकालात आहे, असं मला वाटतं. तिकीट लावावं का, एखाद्या कंपनीला सांभाळायला द्यावं का, मैफिली आणि जत्रांना भाड्याने द्यावं का, हे सगळे प्रश्न विचारताना आपण बाग ही महापालिकेने दिलेली सोय धरून चालतो. सोय देणारा ती काढूनही घेऊ शकतो. रोमच्या इतिहासाकडे नीट पाहिलं तर तिथली जवळजवळ प्रत्येक मोठी बाग लोकांनी वापरून, भांडून, अडून बसून मिळवलेली दिसते. म्हणून तिच्याबद्दलचा निर्णय नफातोट्याच्या वहीत बसवता येत नाही.

हा निकाल लागला तेव्हा शहरात काय चाललं होतं, ते पाहिलं की त्याचं मोल कळतं. १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात आलं आणि पाठोपाठ राजधानी झालं. तेव्हा लोकसंख्या दोन लाखांहून थोडी जास्त. पुढच्या तीस वर्षांत ती दुप्पट झाली. सरकारी कारकून, मंत्रालयं, बँका, बिल्डर सगळे एकदम आले. तटबंदीच्या आतल्या बागा आणि द्राक्षमळे म्हणजे मोकळे प्लॉट. व्हिला बोर्गेसेच्या शेजारीच व्हिला लुदोविसी होती; ज्यांनी पाहिली त्यांनी तिला युरोपातल्या सर्वांत सुंदर बागांमध्ये गणलं होतं. १८८० च्या दशकाच्या मध्यात मालक बोनकोम्पान्यी लुदोविसी घराण्याने एका बांधकाम कंपनीशी करार करून ती प्लॉट पाडून विकायला काढली. सरूचे आणि ओकचे जुने वृक्ष तोडले गेले. आज पर्यटक व्हिया व्हेनेतोच्या महागड्या हॉटेलांसमोर फोटो काढतात, तो रस्ता त्या बागेच्या जमिनीवर आहे.

पुढे काय झालं? बांधकामाचा फुगा त्याच दशकाच्या अखेरीस फुटला. लुदोविसी घराण्याच्या राजपुत्राने विक्रीच्या पैशातून स्वतःसाठी नवा टोलेजंग वाडा बांधायला घेतला, पण घराणं कर्जात बुडालं आणि वाडा हातातून गेला. आज तिथे अमेरिकेचा दूतावास आहे. बागेतली एक छोटी इमारत तेवढी उरली, कासिनो देल्लाउरोरा. तिच्या एका छतावर प्रसिद्ध चित्रकार काराव्हाज्योने रंगवलेलं एकमेव छतचित्र आहे. वारसांच्या भांडणात २०२२ च्या जानेवारीत ती ४७१ दशलक्ष युरो किमतीला लिलावात निघाली आणि एकही बोली आली नाही. सगळी बाग विकून घराण्याकडे उरलं काय, तर कोणी विकत न घेणारं एक छत. शहराची बाग मात्र कायमची गेली.

बोर्गेसे घराणंही त्याच सट्ट्यात बुडालं. त्यांचीही बाग प्लॉट पाडून विकली गेली असती. पण ज्या जमिनीवर लोकांचा फिरण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला आहे, तिथे प्लॉट कसे पाडणार? शेवटी १९०१ मध्ये सरकारने व्हिला विकत घेतली आणि १९०३ मध्ये उद्यान महापालिकेकडे आलं. शेजारी-शेजारी दोन बागा, एकाच दशकात, एकाच प्रकारचे मालक, एकाच प्रकारचं कर्ज. एकीच्या बाजूने लोक कोर्टात उभे राहिले, आणि आज ती ८० हेक्टरची बाग शहराच्या मध्यभागी आहे.

विसाव्या शतकातही हेच घडत राहिलं. व्हिला तोर्लोनियात मुसोलिनी १९२५ ते १९४३ पर्यंत राहिला, वर्षाला नावापुरतं एक लिरा भाडं देऊन. महापालिकेने ती ताब्यात घेऊन लोकांना खुली केली तेव्हा १९७० चं दशक संपत आलं होतं. व्हिला दोरिया पाम्फिली तर सुमारे १८४ हेक्टरची, शहरातलं सर्वांत मोठं ऐतिहासिक उद्यान. १९६० च्या ऑलिम्पिकसाठी वाहतुकीला वाट हवी म्हणून तिच्या मधूनच हमरस्ता काढला. लोकांना तिचा मोठा भाग फिरायला मिळाला तो १९७२ मध्ये. क्रम लक्षात घ्या: गाड्यांना आधी आणि माणसांना बारा वर्षांनी. तो रस्ता अजून तिथेच आहे आणि बाग आजही दोन तुकड्यांत आहे.

पण अशी जखम भरून काढता येते, हेही रोमनेच दाखवलं आहे. शहराभोवतीचा रिंगरोड बांधताना तो प्राचीन आप्पिया रस्त्याला चिरून गेला होता. इसवीसनापूर्वी ३१२ मध्ये बांधायला घेतलेल्या रस्त्यावरून पायी निघालेला माणूस रिंगरोडपाशी येऊन थांबायचा. २००० सालच्या जुबिलीच्या, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षाच्या, निमित्ताने रिंगरोड तिथे बोगद्यात घातला गेला आणि वरची वाट पुन्हा जोडली गेली. इच्छा आणि पैसा एकत्र आले तर काय होतं ते इथे दिसतं, आणि म्हणूनच पाम्फिलीच्या बाबतीत 'आता काय करणार' हे उत्तर मला पटत नाही.

आप्पियाची गोष्ट निघालीच आहे तर अंतोनियो चेदेर्ना यांच्याबद्दल सांगायला हवं. हा मूळचा पुरातत्त्वाचा अभ्यासक, पुढे पत्रकार. १९५३ मध्ये 'इल मोन्दो' या साप्ताहिकात त्यांनी आप्पियाच्या दोन्ही बाजूंना बंगले बांधणाऱ्यांवर लेख लिहिला आणि शीर्षकातच त्यांना गुंड म्हटलं. नटनट्या, उद्योगपती, धार्मिक संस्था, सगळ्यांना त्या रोमन थडग्यांच्या शेजारी घर हवं होतं. चेदेर्ना यांनी नावागावासकट लिहिलं, आणि पुढची चाळीस वर्षं लिहीत राहिले. त्यांचा आग्रह असा होता की दोन-चार थडगी कुंपण घालून वाचवणं म्हणजे वाचवणं नाही. भोवतालची शेतं, कुरणं, ओढे, सगळं मिळून एक उद्यान झालं पाहिजे. १९६५ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री जाकोमो मांचिनी यांनी रोमचा विकास आराखडा मंजूर करताना आप्पियाभोवतीची सुमारे २५०० हेक्टर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवली. प्रादेशिक कायद्याने उद्यान अस्तित्वात आलं १९८८ मध्ये. चेदेर्ना १९९६ मध्ये वारले. आजही त्या उद्यानातली बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे. तरी ती बांधकामापासून वाचली. काफारेल्लाच्या खोऱ्यात आजही मेंढ्या चरतात, आणि मेट्रोच्या स्टेशनापासून ते खोरं पायी जाण्याच्या अंतरावर आहे. २०२४ मध्ये आप्पिया रस्त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या काळात त्या माणसाला विकासाचा शत्रू म्हणत होते, तो काळ त्या दिवशी आठवायला हवा होता.

आप्पियाची जमीन राखली गेली त्याच १९६० च्या दशकात इटलीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. नोकरी करणाऱ्या बायकांचा दिवस कामात आणि घरात पिळून जातो. पाळणाघर, शाळा, बाग घराजवळ नसेल तर तो भार त्यांच्यावरच पडतो. इटलीतल्या स्त्रियांच्या 'उडी' या मोठ्या संघटनेने हा मुद्दा नगररचनेचा मुद्दा म्हणून मांडला. १९६६ मध्ये सिसिलीतल्या आग्रिजेंतो शहरात बेबंद बांधकामाखाली डोंगर खचला आणि देश हादरला. त्यानंतर कायदा आला आणि १९६८ च्या एका मंत्रालयीन आदेशाने आकडा ठरला: नव्या वस्तीत प्रत्येक रहिवाशामागे सार्वजनिक सोयींसाठी किमान १८ चौरस मीटर जागा, आणि त्यातले ९ चौरस मीटर बागा, मुलांचं खेळणं आणि क्रीडांगणं यांसाठी. आकडा रूक्ष दिसतो. पण तो एकदा कायद्यात बसला की बागेसाठी कुणाच्या औदार्याची वाट पाहावी लागत नाही; रहिवासी नकाशा घेऊन महापालिकेत जाऊ शकतो आणि आमचे नऊ मीटर कुठे आहेत, असं विचारू शकतो.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. हिरवळ वाचवणाऱ्यांना नेहमी एक प्रश्न विचारला जातो: गरिबाला डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्हाला झाडं हवीत? रोमच्या आग्नेयेला जलसेतूंचं उद्यान आहे. उंच कमानींच्या रांगा, मधे गवत, संध्याकाळी पळणारी माणसं. १९६० च्या दशकात त्यातल्या 'फेलिचे' जलसेतूच्या कमानींखाली दक्षिणेतून आलेले मजूर झोपड्या बांधून राहत होते. रोबेर्तो सार्देल्ली नावाचा तरुण धर्मगुरू १९६८ मध्ये तिथे राहायला गेला आणि एका खोपटात त्याने शाळा सुरू केली. झोपडीचा क्रमांक ७२५, म्हणून शाळेचं नावही तेच. त्या शाळेतल्या मुलांनी रोमच्या महापौरांना पत्र लिहून आपण कसे राहतो ते कळवलं. वस्ती हटली ती १९७० च्या दशकात, कुटुंबांना महापालिकेने घरं दिल्यावर. ती घरं लांब होती, ओस्तियाच्या बाजूला, आणि त्या स्थलांतराचे हालही झाले. पण आधी घर आणि मग बाग, हा क्रम निदान पाळला गेला. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको. बाग आणि घर यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणासाठी जमीन मोकळी करत असतो.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. रोमच्या बागांची अवस्था चांगली नाही. महापालिकेच्या उद्यान विभागातल्या माळ्यांची संख्या गेल्या काही दशकांत प्रचंड घटली. गवत वेळेवर कापलं जात नाही, कारंजी कोरडी पडतात, बाकं मोडतात. छत्रीच्या आकाराचे जे पाइन वृक्ष म्हणजे रोमची ओळख, त्यांना २०१८ पासून एका परदेशी कीटकाने घेरलं आहे. उत्तर अमेरिकेतून आलेला हा खवले कीटक कोवळ्या फांद्यांचा रस शोषतो आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळतं. उपाय आहे: खोडात सुई टोचून औषध सोडायचं. पण तो उपाय वेळेवर आणि झाडामागून झाड करत जावा लागतो, त्यासाठी माणसं लागतात. शिवाय यातली असंख्य झाडं शंभरेक वर्षांपूर्वी एकाच काळात लावलेली, त्यामुळे ती म्हातारीही एकाच वेळी होत आहेत.

अशा वेळी सुचवला जाणारा मार्ग ठरलेला असतो: खाजगी हातांत द्या. रोमने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात शहराने 'पुन्ती व्हेर्दी क्वालिता' नावाची योजना आणली. पडीक हिरव्या जागा खाजगी संस्थांना द्यायच्या. त्यांनी तिथे खेळाची मैदानं, उपाहारगृहं, व्यायामशाळा उभाराव्यात आणि बदल्यात आसपासची बाग सांभाळावी. गुंतवणुकीसाठी बँकेचं कर्ज, आणि त्या कर्जाच्या ९५ टक्क्यांपर्यंत हमी महापालिकेची. नफा झाला तर त्यांचा आणि बुडाला तर शहराचा, असा तो व्यवहार होता. अनेक प्रकल्प बुडाले, अर्धवट राहिले, चौकश्या झाल्या आणि कर्ज नागरिकांच्या माथी आलं. काही ठिकाणी जलतरण तलाव झाले हे खरं, पण बाग मात्र मागेच राहिली. मुंबईत मैदानं दत्तक देण्याच्या धोरणावर जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, त्यातल्या दोन्ही बाजूंनी रोमचे हे कागद एकदा वाचावेत. सांभाळायला घेतलेल्या जागेवर आधी फाटक येतं, मग वेळापत्रक, मग सदस्यत्व. रोज येणारा म्हातारा माणूस एक दिवस फाटकाशी थबकतो आणि परत जातो, आणि त्याच्यासोबत त्याची वहिवाटही संपते.

कार्यक्रमांबाबत मी इतका ठाम नाही. व्हिला बोर्गेसेतल्या पियात्सा दी सिएनामध्ये दरवर्षी वसंतात घोडेस्वारीच्या स्पर्धा भरतात. ही परंपरा १९२२ पासूनची आहे. बराच काळ तिथे वाळू पसरलेली होती. २०१८ मध्ये आयोजकांच्या पुढाकाराने ते मैदान पुन्हा गवताचं झालं. म्हणजे पाहुणा घर नीट करून जाऊ शकतो. अट एवढीच की तो पाहुणाच राहिला पाहिजे: काही दिवस यावं, झालेली झीज भरून द्यावी, आणि उरलेलं वर्ष ती जागा कुत्र्यांना, मुलांना आणि गवतावर आडवं पडणाऱ्यांना मोकळी असावी.

तिकिटाला मात्र माझा साफ विरोध आहे. फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेत तिकीट काढून जावं लागतं, स्थानिकांना सवलत आहे, आणि बाग उत्तम राखलेली आहे, हे सगळं मला मान्य. पण बोबोलीत माणूस पाहायला जातो. पैसे दिले म्हणून सगळं बघून घेतो आणि बाहेर पडतो. रोममधली बाग ऑफिसातून घरी जाताना वाटेत लागते, भांडण झालं की पाय तिकडे वळतात, सुटीच्या दिवशी फिलिपिनो आणि पेरूच्या कामगार बाया तिथे डबे उघडून बसतात. त्यांच्यासाठी दोन युरो हा प्रश्न असू शकतो. पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो दारात कारण सांगण्याचा. बोर्गेसेंच्या शिलालेखाने आणि त्यानंतरच्या निकालाने जे दिलं, ते कारण न सांगता आत जाण्याचं स्वातंत्र्य आहे. बागेचा खर्च करातून व्हावा. शाळेचा होतो तसा.

आणि हा पैसा आधी कुठे जावा, यावरही बोललं पाहिजे. कार्डिनल आणि राजपुत्रांच्या बागा ज्या भागांत आहेत तो आज रोमचा श्रीमंत भाग आहे. त्या बागांवर लेख येतात, देणग्या येतात. पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांत कुणा कार्डिनलने बाग ठेवली नव्हती. प्रेनेस्तिनो भागात कृत्रिम रेशमाचा एक कारखाना होता, स्निया व्हिस्कोझा. तो १९५० च्या दशकात बंद पडला. १९९२ मध्ये तिथे एका बिल्डरने शॉपिंग सेंटर बांधायला घेतलं आणि तळघरातल्या पार्किंगसाठी खोदताना जमिनीखालचा पाण्याचा साठा फुटला. पाणी पंपाने गटारात सोडायचा प्रयत्न झाला, त्यात गटारच फुटून रस्त्यावर पूर आला. बांधकाम थांबलं, परवाना पुढे रद्द झाला, आणि खड्ड्यात सुमारे एक हेक्टरचं तळं साचलं. आपोआप. काठावर वाळुंज आणि पॉपलर उगवले, बगळे आले, खंड्या आला. अर्धवट इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा आजही पाण्याशेजारी उभा आहे.

तळं झालं आपोआप, पण ते वाचलं आपोआप नाही. आसपासच्या लोकांनी सभा घेतल्या, कारखान्याची जुनी कागदपत्रं जमवली, पक्ष्यांच्या आणि वनस्पतींच्या नोंदी ठेवल्या, कुंपण ओलांडून आत गेले. २०२० मध्ये लात्सियो प्रांताने त्या तळ्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. कारखान्याची उरलेली जागा त्या संरक्षणाबाहेर राहिली, तिथे मालवाहतुकीच्या गोदामाचा प्रस्ताव आला, आणि लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. मला यात १८८७ चाच खटला दिसतो. फरक एवढाच की या वेळी बागसुद्धा लोकांनीच ओळखली. मालकाला तिथे फक्त बुडालेलं पार्किंग दिसत होतं.

तिथून जवळच चेंतोचेल्लेचा जुना विमानतळ आहे, इटलीतला पहिला. १९०९ च्या एप्रिलमध्ये विल्बर राइटने तिथे विमान उडवून दाखवलं होतं. जमिनीखाली रोमन काळातले वाडे आहेत. तिथे शंभर हेक्टरांहून मोठं उद्यान कागदावर कधीच झालं आहे. प्रत्यक्षात त्याचा छोटा भाग खुला आहे आणि कडेला वर्षानुवर्षं भंगार गाड्यांचे अड्डे बसलेले आहेत. तिथल्या आगींचा धूर आजूबाजूच्या घरांनी अनेकदा सोसला आहे. अड्डे हलवण्याची आश्वासनं प्रत्येक महापौराने दिली. रोमच्या महापालिकेला पुढच्या अंदाजपत्रकात बागांसाठी एकच काम करायचं असेल, तर ते हे असावं: भंगारवाल्यांना पर्यायी जागा, मातीची सफाई, आणि चेंतोचेल्लेसाठी स्वतःचे, पगारी, कायमचे माळी. व्हिला बोर्गेसेची कारंजी आणखी एक वर्ष थांबू शकतात.